घरधनी पुढे येईपर्यंत

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बारका माईक टेपने चिकटवता चिकटवता आराधनाची नजर खुर्चीवरच्या कार्यक्रमपत्रिकेवर गेली, आणि टेप तिच्या बोटालाच गुंडाळली गेली. पत्रिकेवर तिचं नाव होतं, तिच्या मार्गदर्शक डॉ. सविता कुलथे यांचं होतं, चहापान देणाऱ्यांचंसुद्धा होतं. हे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या महमूदचाचांच्या नावाच्या जागी मात्र छापलं होतं, ‘ध्वनिस्रोत : क्लॅरिनेट’.

तिने टेप ओरबाडून काढली आणि तशीच मॅडमकडे गेली. मॅडम रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नसत, तेच अवघड होतं. त्यांनी समजावलं की ही मैफल नाही, पीएच.डी.चं सादरीकरण आहे. बँडमधल्या माणसाचं नाव सहरचनाकार म्हणून घातलं तर बाहेरून आलेले दोन परीक्षक विचारणार, मग तुमचं काम ते कोणतं? शिवाय आभाराच्या वेळी ‘स्थानिक कलाकार’ असा उल्लेख होणारच होता.

गरज सरो, वैद्य मरो, हे आराधनाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पदवी मॅडमच्या सहीवर अडलेली, म्हणून तिने ते गिळलं. गिळल्याची लाज घेऊन ती स्टेजवर परतली.

तीन वर्षं चाचा दर मंगळवारी मिरजगावहून एस.टी.ने नगरला येत होते. त्याआधीची चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात घालवली होती. ते वाजवत, आणि आराधनाचा संगणक ते ऐकून आपल्या परीने उत्तर देई. एखादा सूर उशिरा परत करी, एखादा चिरून, तर एखादा विहिरीच्या तळातून आल्यासारखा. पहिल्या वर्षी तिने या रचनेला नऊ मिनिटांची मर्यादा घातली होती. नऊ मिनिटं भरली की संगणक गप्प. तेव्हा चाचा मनसोक्त हसले होते.

“नवरा घोड्यावरनं उतरला का न्हाई, हे तुज्या मशीनला कसं कळायचं? घरधनी म्होरं येऊन हात जोडत न्हाई, तवर बँड थांबत नसतो.”

त्याच दिवशी तिने ती मर्यादा काढून टाकली आणि नवा नियम लिहिला : वाजवणारा थांबेपर्यंत संगणकाने थांबायचं नाही. प्रबंधातलं सगळ्यात नावाजलेलं प्रकरण या एका नियमावर उभं होतं. मॅडमनी त्यावर परिषदेत निबंधही वाचला होता. चाचांचं नाव त्यातही नव्हतं, आणि तेव्हाही आराधना गप्पच बसली होती.

ती परतली तेव्हा चाचांनी पत्रिका वाचून काढली होती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते उभे होते. त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची त्यांनी केव्हाच बाजूला सारली होती; बँडवाला बसून वाजवत नाही.

“ध्वनिस्रोत म्हंजे?” त्यांनी विचारलं.

“जिथून आवाज येतो ते,” आराधना खाली मान घालून म्हणाली.

“आवाज तर भोंग्यातनंबी येतो.” त्यांनी पत्रिकेची घडी करून खिशात ठेवली. “तुजं मशीन मी थांबल्याबिगर थांबत न्हाई ना?”

“नाही थांबत.”

“बरं.”

सुरुवात देखणी झाली. चाचांनी एक लांब सूर धरला, संगणकाने तो तुकडे करून हॉलच्या चारही कोपऱ्यांत पेरला. परीक्षकांनी वह्यांत काहीबाही लिहिलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. विसाव्या मिनिटाला एका परीक्षकाने वही मिटली, दुसऱ्याने दाराबाहेरच्या जेवणाच्या मांडवाकडे पाहिलं. मॅडमनी मनगटावर बोट आपटून आराधनाला खूण केली : बंद कर.

एक कळ दाबली असती तर सगळं गप्प झालं असतं. मॅडमनी पुन्हा खूण केली. आराधनाने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि समोर बघत राहिली. पदवी गेली तर गेली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला मोकळं वाटलं.

मॅडम उठून साउंडवाल्या आसारामकडे गेल्या आणि त्याच्या कानाशी काही बोलल्या. आसारामने मान खाजवली आणि मेन स्विच खाली ओढला.

दिवे गेले, पंखे मंदावले, स्पीकर घरघरून मेले. क्लॅरिनेट काही थांबलं नाही. चाळीस वर्षं ट्रकच्या हॉर्नला आणि जनरेटरला पुरून उरलेल्या माणसाला त्या एका हॉलची काय मातब्बरी! दिवे जाताच उठलेली माणसं पुन्हा बसली. आराधनाचा लॅपटॉप बॅटरीवर होता. पडद्यावरची हिरवी रेघ चाचांच्या प्रत्येक सुराबरोबर उसळत होती. कुणाला ऐकू येत नव्हतं, तरी मशीन इमानेइतबारे उत्तरं देत होतं.

चाचांची नजर मॅडमवर होती, बाकी कुणाकडे ते बघतच नव्हते.

शेवटी मॅडम स्टेजच्या पायऱ्या चढून आल्या. हात त्यांनी जोडले नाहीत, पण चाचांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. सवयीने माईक उचलून म्हणाल्या, “आपण आत्ता जे ऐकलं, त्याचे सहरचनाकार...” आणि अडल्या. मग वळून हळूच विचारलं, “आपलं पूर्ण नाव?”

आराधनाला ते नाव ठाऊक होतं, वडिलांच्या नावासकट. तिने तोंड उघडलं नाही.

चाचांनी सूर सावकाश खाली आणला, षड्जावर टेकवला आणि सोडला. पडद्यावरची रेघ सपाट झाली. खिशातला रुमाल काढून त्यांनी आधी क्लॅरिनेट पुसलं, मग तोंड.

“माईक बंद हाय, मॅडम,” ते म्हणाले. “आदी लाईट लावा. मग सांगतो.”