कावळ्याची साक्ष

पान वाळूवर ठेवायच्या आतच कावळा उतरला.

माणगंगेच्या कोरड्या पात्रात जमलेली माणसं अजून मागंही सरली नव्हती, आणि हा बाभळीवरून सरळ येऊन कृष्णातच्या पिंडासमोर बसला. ओरडणं नाही, घाई नाही. झाडावरचे बाकीचे कावळेही गप्प होते. चंद्राबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सुटला गं बाई तुजा मालक," चुलतसासू साळूबाईनं डोळ्याला पदर लावला. "गुन्हा न्हवता त्येचा, म्हणूनच आला बघ लगीच."

चंद्राबाईला हसावं की रडावं कळेना. एवढ्या वर्षांत हे वाक्य गावात कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

सात-आठ वर्षांपूर्वी इथंच कृष्णातच्या चुलतभावाचा, नाथाजीचा दहावा होता. नाथाजीला कुणीतरी रानातल्या वस्तीवर कुऱ्हाडीनं मारलं होतं. त्या दिवशी कावळा काही केल्या शिवेना. पोरांना सांभाळतो म्हणून झालं, बांधाचा वाद मिटवतो म्हणून झालं. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "कृष्णाता, तू जरा लांब जा रं." तो बिचारा वहाणा हातात घेऊन निघाला आणि कावळ्यानं झडप घातली. झालं! गावाला खुनी सापडला.

कोर्टात कावळ्याचं नाव कुणी काढलं नाही. पण दहाव्यानंतर शेजारच्या नानासोला एकाएकी आठवलं, की त्या रात्री कृष्णातला आपण वस्तीवरून येताना पाहिलं. कुऱ्हाड सापडली नाही, रक्ताचा डाग सापडला नाही. तेवढ्या आठवणीवर जन्मठेप झाली, आणि कृष्णात तुरुंगातच तापानं गेला.

कावळ्यानं चोच पुढं केली. चंद्राबाईनं काटकी उचलली.

"हाड!"

कावळा उडाला.

"येडी झालीस व्हय गं? नवऱ्याचा पिंड अडवतीस?" साळूबाई ओरडली.

"ह्येच्याच साक्षीवर न्हेलं त्यास्नी," चंद्राबाई म्हणाली. "आता ह्येच्या साक्षीवर सुटाय नगं. मान्सानं अडकवलं, मान्सानंच सोडवावं." ती मागं उभ्या नानासोकडं वळली. "भावजी, ह्येंचं तोंड दिसलं व्हतं का तुमास्नी? सांगा. सांगस्तवर एक बी खाली उतरू द्यायची न्हाई मी."

काटकी मांडीवर घेऊन ती पिंडाशेजारी बसली. पिंड शिवल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नव्हतं. कावळे मात्र हळूहळू खालच्या फांद्यांवर येत होते. तेही नानासोकडंच बघताहेत, असं तिला वाटलं.

नानासोनं टोपी काढून हातात चुरगाळली.

"अंधार व्हता, वैनी," तो शेवटी म्हणाला. "मानूस दिसला, तोंड न्हाई. कावळ्यानं दाखवलं, तवा मला वाटलं, त्योच आसंल."

चंद्राबाईनं काटकी खाली ठेवली.

"ऐकलंसा न्हवं?" ती पिंडाकडं बघून हळूच म्हणाली, आणि पदर सारखा करून वाळू तुडवत घराकडं निघाली. मागं पंखांची फडफड झाली. तिनं वळून पाहिलं नाही.