नव्या लोखंडाला तेल

"मी त्या गाडीत बसाची नाय," हिराबाई म्हणाली आणि सुपातले वाल पाखडत राहिली.

कमळू ओटीवर बसून चहा पीत होता. हे वाक्य तो दिवाळीपासून ऐकत आला होता. भातं झोडून झाली, पेंढ्याची उडवी रचून झाली, म्हसा गावच्या जत्रेचे दिवस आले, तरी बाईच्या शब्दात काडीचा फरक पडला नव्हता.

तिचंही चुकत नव्हतं. दिवाळीत बाजाराला निघताना वाडीच्या उतारावर जीपनं ब्रेक घेतलाच नाही. वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि जीप सरळ राघोच्या खाचरात. हिराबाईनं वाटेतच उडी टाकली होती. गुडघा फुटला. त्या दिवसापासून ती धसईच्या बाजाराला पायी जात होती, डोक्यावर पाटी घेऊन, दारात उभ्या जीपच्या शेजारून.

"रविवारी पोराचा साखरपुडा," कमळू म्हणाला. "म्हशापर्यंत काय चालत जाशील? नवऱ्या मुलाची आई?"

"धसईपातूर चालेन. फुडं एसटी हाय."

"आन पाव्हण्यांनी इचारलं तर?"

"सांगेन, आमच्या ह्यांची गाडी लई वेगात जाते. थांबत नाय."

शेखर, ज्याचा साखरपुडा होता, त्यानं भाड्याची मोटार आणू म्हणून सुचवून पाहिलं. बापानं नुसतं त्याच्याकडे बघितलं. दारात स्वतःची जीप असताना भाड्याच्या गाडीतून उतरणं म्हणजे घरात गाय असून ताक मागायला जाणं. आणि कमळूच्या मनात चित्र पक्कं होतं: सोयऱ्यांच्या दारात जीप थांबते, आणि पुढच्या सीटवरून नवी साडी सावरत हिराबाई उतरते. तेवढ्यासाठी जीप थांबायला हवी होती.

दुखणं काय ते धसईच्या धाकलू मेस्त्रीनं आधीच सांगितलं होतं. चाकाच्या ड्रममध्ये चंद्रकोरीसारखे लोखंडी ब्रेक शू असतात. त्यांच्या पाठीवर लायनर असतं. पाय दाबला की ते ड्रमला आतून घासतं आणि चाक थांबतं. कमळूच्या पुढच्या चाकांचं लायनर झिजून आतले रिबीटचे खिळे उघडे पडले होते. लोखंड लोखंडाला खात होतं.

"शू चांगले हायेत," धाकलू म्हणाला होता. "वरून नवीन लायनर मारून देतो. जुन्या गाडीला जुनंच बसतं."

"फाटक्या गोधडीला ठिगळ नको मला. असली माल घालनार."

"घाल. मग बसवनारा पन असलीच बघ."

धाकलू रुसला. कमळू किन्हवली, शेणवा करत एसटीनं शहापूरला गेला. तीन दुकानं पालथी घातली. एकानं दुसऱ्याच गाडीचा शू काढून "थोडा घासला की बसेल" म्हटलं, दुसऱ्यानं भंगारातला पुसून दिला. तिसऱ्याकडे खोक्यातला, शिक्का असलेला माल मिळाला. कमळूनं जुना शू पिशवीतून नेला होता. तो नव्यावर ठेवून त्यानं भोकाला भोक आणि कडेला कड जुळवून पाहिली, तेव्हा कुठे घेतला.

घरी येऊन त्यानं नवे शू देवाऱ्यापुढे ठेवले आणि चाकांतून काढून ठेवलेले जुने अंगणात टाकले. सकाळी ड्रम उघडून त्यानं नवे स्वतः बसवले. पाने त्याच्या ओळखीचे होते, स्प्रिंगा ओढायला शेखर होता. राघो बांधावरून बघायला आला.

"लायनर कसं काळंभोर, तुकतुकीत हाय बघ," कमळू म्हणाला. "असली मालाची गोष्टच येगळी."

राघोनं मान डोलावली. त्याच्या खाचरात आता वाल फुलावर होता, म्हणून त्याला या मालात रस होता.

शनिवारी दुपारी कमळूनं जीप काढली. हिराबाई पडवीत उभी राहून बघत होती. उतार लागला. त्यानं पाय दाबला. पाय दाबला गेला, ताठ, पक्का. जीपला मात्र त्याची खबर लागली नाही. वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि जीप आपल्या ओळखीच्या जागी गेली.

राघो वालाच्या चिरडलेल्या वेलांत कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कमळूदादा, तुजा ब्रेक गाडीत नाय. माज्या शेतात हाय."

कमळूनं खाली उतरून आधी शहापूरच्या दुकानदाराला फोन लावला. डुप्लिकेट माल, माणसं मारायचा धंदा, भर बाजारात इज्जत काढीन, असं बरंच तो बोलला. तिकडचा माणूस "साहेब, साहेब" करत राहिला. मग शेखर मोटरसायकलवरून धाकलूला घेऊन आला. धाकलू रुसवा बरोबर घेऊनच आला होता. त्यानं ड्रम काढला, लायनरवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"कमळू, शापूरच्या दुकानात करंजाचं तेल कधीपासून लावतात?"

मागून हिराबाई आली होती.

"मी पाजलं," ती म्हणाली. "रातभर मुरू दिलं, पहाटे फडक्यानं पुसलं."

"आगो, का पन?"

"का म्हंजे? कोयता आनला की तेल पाजते. नांगराचा फाळ आनला की पाजते. नवीन लोखंड कोरडं कामाला लावलंय कधी आपल्या घरात? आन ह्याच्यावर तर तुमचा जीव सोपवायचा होता. दोन येळा पाजलं."

धाकलू ड्रमच्या आत तोंड घालून बराच वेळ काहीतरी बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग बाहेर येऊन म्हणाला, "लायनर तेल प्यालं की गेलं. पुसून उपेग नाय, तापलं की परत वर येतं. आता दुकानदाराला फोन कर."

"रेंज नाय," कमळू म्हणाला.

"आत्ता तर होती," राघो म्हणाला.

शहापूर गाठायला आता वेळ नव्हता. धाकलूनं विचारलं, "जुने शू कुठं हायेत?"

"खुराड्याच्या दाराला लावलेत," हिराबाई म्हणाली. "टेकू म्हनून."

ते खुराड्याच्या दारातून काढले. धाकलूनं त्यांना नवीन लायनर मारलं, पेट्रोलनं ड्रम धुतले, सगळं जुळवून दिलं. एवढं करून "मी सांगितलं होतं" असं तो एकदाही म्हणाला नाही. कमळूला ते जास्त लागलं.

सकाळी हिराबाई नवी साडी नेसून आली आणि सरळ पुढच्या सीटवर बसली.

"का गो, आता कसा भरवसा आला?"

"हे माज्या वळखीचे हायेत. खुराड्याला लावले तवापासून मुंगसानं येक कोंबडी नेली नाय."

उतारावर राघो काठी घेऊन आपल्या वालापुढे उभा होता. कमळूनं पाय दाबला. जीप त्याच्या काठीच्या अलीकडे गपकन थांबली. हिराबाईच्या मांडीवरचं साखरेच्या पुड्यांचं ताट जागचं हललं नाही. राघोनं काठी खाली घेतली आणि रस्त्याकडे हात केला, जाऊ द्या म्हणून.

म्हशाच्या सोयऱ्यांनी जीपचं कौतुक केलं. जुनी असून कशी जागच्या जागी थांबते, म्हणाले. कमळू म्हणाला, "असली माल हाय." हिराबाईनं पदर तोंडाला लावला.

असली माल आता खुराड्याच्या दाराला आहे. करंजेल प्यालेला, त्यामुळे गंज नाही, पण धरत नाही. दाराला लावला की घसरतो. साखरपुड्याच्या तिसऱ्या दिवशी मुंगसानं तुऱ्याची कोंबडी नेली.

हिराबाईनं पिसं गोळा केली, शू उचलून कमळूच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "शापूरच्याला फोन करा."