मोठीचा फेडर, धाकटीचं बोट

०:००
गाणं सुरू. मिक्सरवर शेजारी शेजारी दोन फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या. एक मोठ्या मावशीचा, एक धाकटीचा. आपण एकदा केलेल्या हालचाली मिक्सर लक्षात ठेवतो आणि गाणं लावलं की फेडर आपापले वरखाली होतात. मोठी मावशी निवृत्त मुख्याध्यापिका. न सांगता कुणी हललेलं तिला चाळीस वर्षं खपलेलं नाही.

थांबा, मागे घेतो.

०:०० च्या आधी
दोघींचा सात वर्षं अबोला. द्वंद्वगीत गायल्या, तेही वेगवेगळ्या दिवशी येऊन. आज सहाच्या आत ते रेडिओकडे पाठवायचं. एकीनं जरी नाही म्हटलं तरी पाठवायचं नाही, ही अट दोघींनी स्वतंत्रपणे, पण शब्दशः सारखी घातलेली. सकाळी धाकटी ऐकून गेली, आता मोठी आली होती. मी त्यांचा भाचा आणि ध्वनिमुद्रक, म्हणजे अडकित्त्यातली सुपारी.

०:४८
मोठी म्हणाली, तिला खाली घे, मला वर. मी म्हटलं, तूच कर.

यात माझी लबाडी होती. मिक्सर 'रीड'वर ठेवला की तो जुनं तेवढं वाचतो. तुम्ही फेडर ढकला, आवाज वाढतो. बोट काढलं की फेडर मुकाट जागेवर. समाधान तुमचं, मिक्स माझं. 'टच'वर मात्र बोट असेपर्यंतची हालचाल लिहून घेतली जाते. सकाळी धाकटीलाही मी असंच 'रीड'वर खेळवलं होतं.

निदान माझी तशी समजूत होती.

१:१०
मावशीनं स्वतःला भरपूर वर नेलं आणि चष्म्यासाठी पर्स उघडली. फेडर खाली आला. तिनं परत नेला. परत आला.

"हा उलट उत्तर देतो," ती म्हणाली. बघत मात्र माझ्याकडे होती.

चौथीत मी तिच्याच वर्गात होतो. सगळं कबूल केलं. धाकटीलाही फसवलंस का, असं तिनं विचारलं. हो म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं. तरी पर्स उचललीच.

"माझी संमती नाही."

सहाला वीस कमी. गाणं चालूच.

२:३१
तिसरं कडवं. धाकटीचा फेडर आपोआप खाली घसरला आणि मोठीचा हळूच वर चढला. मी असलं काही केलं नव्हतं.

सकाळ, परत
माझी स्कूटर कुणाच्या तरी वाटेत होती. हॉर्न वाजला, मी खाली धावलो. मिक्सर माझ्या कामासाठी 'टच'वर ठेवलेला, तो तसाच राहिला. आत धाकटी एकटी.

२:३१, परत
"हे कुणी केलं?" मावशी दारातून.

"तिनं. मी 'टच' काढायला विसरलो."

तिनं पर्स खाली ठेवली. परत लाव म्हणाली. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा तिनं धाकटीच्या फेडरवर बोट ठेवलं आणि तो खाली जायला लागला तसा धरून ठेवला.

"हे लिहून घेतोयस की नुसतं वाचतोयस?"

मी 'टच' दाबलं.

५:४८
हे गाण्यातलं नव्हे, घड्याळातलं. मावशीनं धाकटीला फोन लावला, स्पीकरवर. सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य:

"तिसऱ्या कडव्यात स्वतःला कुणाला विचारून खाली घेतलंस?"

पलीकडून बरंच काही आलं. मग कोण खाली जाणार यावरून जुंपली. दोघींनाही खालीच जायचं होतं. दोघी एकदमच श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा मी विचारलं, पाठवू का?

"पाठव," दोघी म्हणाल्या, आणि आधी कोण म्हणाली यावरून पुन्हा सुरू झाल्या.