नळीचा तक्ता, लांबलेल्या शेऱ्यासह

दवाखान्याचा कागद. तीन रकाने: वार, किती मिली, शेरा. शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद. मी, लॉर्न पिडवर्बेकी, वय एकसष्ट, तो कागदाच्या पाठीमागे वाढवला आहे.

सोमवार. ७० मिली. मळकट पिवळा पू.
अपेंडिक्स फुटलं तेव्हा मी तीन दिवस "कोबीचे रोल जास्त झाले" म्हणत सोडा पीत होतो. मग ऑपरेशन. नवव्या दिवशी घरी हुडहुडी भरली. स्कॅनमध्ये दिसलं, पोटात लिंबाएवढं गळू. पुन्हा कापाकापी नको म्हणून स्कॅनवर बघत कातडीतून नळी आत सरकवली. बाहेरच्या टोकाला रबरी फुगा, तो मी शर्टाला पिन लावून मिरवतो. रोज रिकामा करायचा, मोजायचं, लिहायचं. सलग दोन दिवस दहाच्या आत आलं की नळी निघणार.
नळी असेपर्यंत बर्फावर जायचं नाही. शनिवारी कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, फायनल. कप्तान मी.

मंगळवार. ६०.
"संघातला डॅरिल होईल की कप्तान," माझी बायको डोरीन म्हणाली.
"डॅरिल? त्याच्यात आहे काय?"
"अपेंडिक्स आहे."

बुधवार. ४५ खोडून ९.
उरलेलं सिंकमध्ये. सिंकनं काही विचारलं नाही.

गुरुवार. ७. (५०.)
आठ लिहिणार होतो, पण सात जास्त खरा वाटला. यावर मी दहा मिनिटं विचार केला. रात्री जरा थंडी वाजली.

शुक्रवार. क्लिनिक. नर्स बर्नाडेट.
"साठावरून एकदम नऊ? पोटानं फारच मनावर घेतलं हो तुमच्या!" तिनं डॉक्टरांना फोनवर आकडे सांगितले. ते म्हणाले, काढा.
तिनं नळी धरून ठेवणाऱ्या टाक्याला कात्री लावली.
कर्लिंगमध्ये सरकत्या दगडाला आपला बर्फ घासायचा झाडू लागला तर तो फाउल, पण पंच येत नाही; आपणच हात वर करायचा. मी एकदा फायनलमध्ये केला होता. ही गोष्ट मी आजवर प्रत्येक लग्नात सांगितली आहे, दोनदा तर नवरीला.
"नळी निघाली आणि आत पू राहिला तर?" मी सहज विचारल्यासारखं केलं.
"परत साठेल. परत ताप, परत नळी. जमलं नाही तर पोट उघडायचं. का हो?"
"पन्नास."
"काय पन्नास?"
"काल. परवा पंचेचाळीस. सिंकमध्ये ओतलं."
कात्री थांबली.
"आणि ताप?"
"खिडकी उघडी होती."
"जानेवारीत?"
ताप एकशे एक. स्कॅनमध्ये पहिल्याच्या शेजारी दुसरं गळू, नळी तिथवर पोचलीच नव्हती. दुपारी जाड नळी घातली, औषधही बदललं. बर्नाडेट रागावली नाही. नुसती म्हणाली, "एवढा मोठा माणूस!" रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवार. १२०. खरे.
डॅरिल कप्तान. "आपण जिंकलो का?" मी सामन्याला गेलेल्या डोरीनला फोनवर विचारलं.
"डॅरिलचा संघ जिंकला," डोरीन म्हणाली.

रविवार. ४०.
अक्षर डोरीनचं. आता ती मोजते, ती लिहिते. मी शर्ट वर धरतो.