चौबळांच्या वहीतली वांगी

ठाणे जिल्ह्यातली सगळ्यात स्वस्त वांगी कुळगावात मिळत, आणि कुळगावात ती फक्त दिनानाथ चौबळांच्या वहीत मिळत. बाजारात किलोला चार रुपये भाव असला की वहीत दोन, बाजारात आठ झाला की वहीत चार. तूरडाळ, रॉकेल, साबण, सगळ्यांची हीच तऱ्हा. महागाई यायची ती चौबळांच्या दाराशी चपला काढून बसायची. आत पाऊल टाकायची तिची टाप नव्हती.

हे भाव वहीत कसे उतरत, ते एकट्या वृंदाला ठाऊक होतं. कारण भाव सांगायची ती आणि लिहायचे तिचे यजमान.

चौबळ अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत. तिथं एक नट इकडचा तिकडे व्हायचा नाही, मग घरात पाव किलो साखर तरी कशी व्हावी? रोज दिवेलागणीनंतर ते हातपाय धुऊन, रेघांची वही मांडीवर घेऊन बसत आणि म्हणत, "हं, बोल." वृंदा बोलायची. देवापुढं माणूस खोटं बोलत नाही म्हणतात, म्हणून ती देवघराकडे पाठ करून बसायची.

सुरुवात पंच्याऐंशी साली झाली. घरखर्चाला सहाशे मिळत. उमा आठ वर्षांची, तिचं दूध, तिची शाळा. वहीच्या पहिल्याच महिन्यात साठ रुपये कमी पडले. वृंदानं खरं ते सांगितलं आणि दोन तास प्रवचन ऐकलं.

"पैसा कधी कमी पडत नाही, वृंदा. शिस्त कमी पडते."

"मग मी थोडं शिवणकाम घेऊ का? त्या इंदुबाई उल्हासनगरहून माल आणून देतात बायकांना..."

"चौबळांच्या घरात परक्याचे कपडे? उद्या लोक म्हणतील, दिनानाथला बायको पोसता येत नाही. जास्त मिळवणं ही पळवाट असते. वांगी काय भावानं आणलीस?"

त्या दिवशी ती म्हणाली, "चार." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दोन." चौबळांनी पेन्सिल थांबवली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा!"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत नवऱ्याकडून मिळालेला हा पहिला 'वा'. दोन रुपयांत मिळाला. वृंदाला सौदा स्वस्त वाटला. असे सौदे सुरुवातीला स्वस्तच असतात.

इंदुबाई अंबरनाथची विधवा. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या शेठकडून पोरींच्या फ्रॉकचे गठ्ठे आणायची आणि बदलापूरपर्यंत घरोघर वाटायची. वृंदाच्या वाट्याला हुक-बटणं आणि गळ्याची तुरपाई आली. हे काम हातानं होतं, त्याला मशीनचा आवाज नाही. सात दहाला चौबळ डबा घेऊन बाहेर पडले की दिवाणाचं झाकण उघडायचं, गोधड्यांखालचा गठ्ठा काढायचा. साडेपाचच्या आत परत गोधड्यांखाली. उमाला पढवून ठेवलं होतं: "बाबांना सांगायचं नाही हं." पोरीनंही ते पाढ्यासारखं पाठ केलं.

आठ वर्षं हे चाललं. आठ वर्षांत चौबळ मोठे झाले. म्हणजे पगारानं नव्हे, नावानं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लोक त्यांना म्हणायचे, "चौबळसाहेब, वही दाखवा ना." एका गणपतीत मंडळानं त्यांचं व्याख्यानच ठेवलं. वही उंच धरून ते म्हणाले, "माझी बायको बाजारात जाते तेव्हा भाजीवाल्या घाबरतात!" लोक हसले, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत वृंदा सुईनं खरवडलेली बोटं पदराखाली घेऊन बसली होती. तिलाही जरा अभिमानच वाटला, हे लपवून उपयोग नाही.

नव्वद साली इंदुबाई दारात उभी राहूनच म्हणाली, "ताई, तुझा हात बघून शेठ विचारतो, ये किसका काम है? मी कॅम्पात एक खोली बघितलीय. अर्धी भागीदारी घे. चार मशीन टाकू, बायका बसवू."

"नको गं. यांना कळेल."

"कॅम्पातल्या मशीनचा आवाज कुळगावात येतो होय?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

कसं, ते वृंदाला सांगता येईना. कमाई चोरून केली तर ती हातभार आणि उघड केली तर नवऱ्याचा अपमान, हा हिशेब ती कुठल्या शाळेत शिकली होती कोण जाणे, पण पक्का शिकली होती.

"तुझं ना ताई, सगळं त्या दिवाणाएवढंच," इंदुबाई म्हणाली. तिनं एकटीनं खोली घेतली. आधी दोन मशीन, मग सहा.

त्याच सुमाराला सरस्वती आली. चौबळांच्या शेजारच्या टेबलावरच्या शंकररावांची ही बायको. कपाळाच्या कडेला टेंगूळ होतं. ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, खरं सांगा, कुठल्या दुकानात जाता? आमचे हे रोज तुमच्या वहीचं उदाहरण देतात. वृंदावहिनींना जमतं, तुलाच का धाड भरते, म्हणतात. परवा ताट भिरकावलं."

वृंदाच्या ओठांवर खरं आलं होतं. दिवाण तीन हातांवर होता. पण तिनं सांगितलं, "उशिरा जावं बाजारात. उरलेला माल स्वस्त देतात."

सरस्वतीनं मान डोलावली आणि ही अक्कल पदराला बांधून गेली.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये कारखान्यानं नोटीस लावली: स्वेच्छेनं निवृत्त होणाऱ्यांना एकरकमी पैसे, अर्जाची मुदत एकतीस तारीख. चौबळ त्या दिवशी वही घेऊन नेहमीपेक्षा लवकर बसले.

"हातात एक लाख तीस हजार. फंडातून फ्लॅटचं कर्ज फिटतं. लाख तीस पोस्टात ठेवायचे, तेरा टक्क्यांनी महिना चौदाशे आठ. आणि आपला घरखर्च किती?" त्यांनी वहीवर बोट आपटलं. "अकराशे पन्नास! वर दोनशे अठ्ठावन्न उरतात, वृंदा! लोक साठीपर्यंत मरमर राबतात, कारण त्यांच्याकडे ही वही नाही. शंकररावही सही करणार म्हणतोय. माझा हिशेब बघूनच."

घरखर्च एकोणीसशेला टेकला होता. साडेसातशेची फट वृंदा रोज चाळीस फ्रॉकांनी बुजवत होती. शिवाय उमा दहावीला बसली होती. जूनमध्ये तिला उल्हासनगरच्या कॉलेजात घालायचं, फी, लोकलचा पास, पुस्तकं, हे वृंदानं मनाशी कधीच मांडून ठेवलं होतं. पगार बंद झाला तर ही सगळी मांडणी कोसळणार होती. सांगायलाच हवं होतं. एकतीस तारखेच्या आत.

दिवस जात राहिले. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज संध्याकाळी वांगी चार रुपयांनाच आणायची. एकोणतीसला उमानं निघताना विचारलं, "आई, सांगितलंस?" तेव्हा मात्र तिनं देवघराकडे तोंड करून बसायचं ठरवलं.

"हं, बोल."

"वांगी आठ रुपये."

"फसवलं वाटतं आज तुला!" चौबळ हसले. "असू दे, एखाद्या दिवशी."

"एखाद्या दिवशी नाही. रोजच."

पेन्सिल थांबली. "रोजच? मग वरचे पैसे कुठून आले?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर तीन हातांवर, गोधड्यांखाली होतं. वृंदानं मान वर केली. चौबळांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं, ओठ अर्धवट उघडे, वही दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. स्टोअरमध्ये चोरी निघाल्यावर होतो तसा चेहरा. अशा चेहऱ्याला खरं कसं सांगायचं?

"गंमत केली हो," ती म्हणाली. "चारच."

चौबळ फार पटकन हसले. इतक्या पटकन, की वृंदाला पुढं कितीतरी वेळा ते आठवणार होतं. "तू पण ना!" म्हणत त्यांनी चार लिहिलं आणि खाली रेघ ओढली. तीस तारखेला सही झाली. शंकररावांनी त्यांच्याच पेनानं केली.

आता एक गोष्ट वृंदाच्या डोक्यात आलीच नव्हती. नवरा घरी बसला की पगार जातो, हे तिनं धरलं होतं. दिवसही जातो, हे धरलं नव्हतं. एप्रिलपासून चौबळ सात दहाला कुठंच जाईनात. शेजारचं वर्तमानपत्र आणून वाचत आणि जेवल्यावर दिवाणावर आडवे होत. त्यांच्या पाठीखाली गोधड्या, गोधड्यांखाली चाळीस फ्रॉक, आणि वृंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांचं घोरणं ऐकायची. तीनदा माल उशिरा गेला. इंदुबाई म्हणाली, "ताई, मला शेठला तोंड द्यायचं असतं. घरात होत नसेल तर खोलीवर येऊन बस." वृंदाला घराबाहेर पडायला कारण सुचेना. काम सुटलं. मग बांगड्या गेल्या. हातात काचेच्या आल्या तरी चौबळांना दिसल्या नाहीत. बांगड्यांतून उमाचं कॉलेज सुरू झालं. वहीत वांगी चारच राहिली.

श्रावणात चौबळ म्हणाले, "रिकामा बसून काय करू? चल, आज बाजार मी करतो. तू चार रुपयांत आणतेस ना? मी साडेतीनला आणून दाखवतो."

बाजाराच्या कडेला चंद्री बसायची. बारवीकडच्या पाड्यावरची, वांगी-भेंडी डोक्यावरून आणणारी. चौबळांनी उकिडवं बसून वांगी निवडली, तराजूत घातली आणि साडेतीन रुपये तिच्या हातावर ठेवले.

"ह्यं काय, दादा?"

"एक किलोचे."

"आठ रुपये किलो हाय."

"मला बनवतेस? माझ्या बायकोला चारला देतेस आणि मला आठ? ही बघ, ही उभी आहे!"

चंद्रीनं वृंदाकडे पाहिलं. वृंदानं डोळ्यांनी विनवलं, पण चंद्रीला डोळ्यांची भाषा कळायचं कारण नव्हतं. तिच्या हातावर साडेतीन रुपये होते.

"ताई आठच देते. आधी पाच व्हते तवा पाच दिले. कवा घासाघीस नाय का भांडान नाय. लय गरीब बाय हाय."

शेजारच्या दोघी हसल्या. चौबळ उठले. तराजूतली वांगी तशीच राहिली.

घरी आल्यावर वृंदानं सगळं सांगितलं: इंदुबाई, फ्रॉक, दिवाण, बांगड्या. चौबळांनी आठ वर्षांच्या वह्या काढून समोर रचल्या. उघडली एकही नाही.

"म्हणजे तू मला पोसत होतीस."

"असं काय म्हणता? हातभार लावत होते."

"शंकररावनं माझ्या वहीच्या भरवशावर सही केली."

"हो."

त्यांनी वह्यांच्या कडा एका रेषेत लावल्या. मग मान हलवून, अगदी व्याख्यानातल्या आवाजात म्हणाले, "नाही. वही बरोबर आहे. आपण वहीप्रमाणे वागलो नाही, चूक ती आहे. उद्यापासून वागायचं. घरखर्च अकराशे पन्नास."

"अहो, मी आता उघड काम करते ना. खोलीवर जाते. इंदुबाई अजून घेईल—"

"नाही म्हटलं ना!"

आठ वर्षं संध्याकाळी ती फक्त आकडे बोलली होती. आकड्यांपलीकडचं काही त्या जागी बसून बोलायचं असतं, याची जिभेला सवयच राहिली नव्हती. ती उठून भात टाकायला गेली.

दूध निम्म्यावर आलं. मग चहा काळा झाला. रेडिओ विकला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात चौबळांनी लाल पेन्सिलीनं एक ओळ खोडली: उमाचा पास.

उमा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी उठली, आईच्या डब्यातली सुई आणि अंगुस्तान घेतलं आणि दारात चपला घालताना म्हणाली, "बाबा, मी कॅम्पात चाललेय. इंदुमावशीच्या खोलीवर. सांगून जातेय."

चौबळांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. ते कालचं होतं.

वृंदा जिन्यापर्यंत मागं गेली. "कॉलेज?"

"जूनमध्ये बघू."

संध्याकाळी उमा म्हणाली, तिसऱ्या मशीनवर सरस्वतीकाकू बसतात. शंकरराव दुपारपासूनच पिऊन पडलेले असतात. काकूंनी आईची चौकशी केली नाही.

पुढचा जून आला आणि गेला. कोणी बघितलं नाही. उमाचा हात आईसारखाच चालायचा; शेठ विचारायचा, ये किसका काम है.

घरात पुन्हा दूध आलं, भाजी आली. चौबळ जेवत; कुठून आलं, ते विचारत नसत. पण दिवेलागणीनंतर वही मांडीवर येतच होती.

"हं, बोल."

वृंदा आता देवघराकडे तोंड करून बसायची. तिनं त्यांच्याकडे पाहत सांगितलं, "वांगी. नऊ रुपये."

पेन्सिल थोडी थबकली. चौबळांनी वर पाहिलं नाही. सावकाश, सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं: वांगी, चार.

"पुढं?" ते म्हणाले.