डब्यातलं मिनिट

शीतलनं स्क्रूड्रायव्हरचं टोक चिपच्या पोटाखाली सारलं आणि पायातला काटा काढावा तशी ती अलगद उचलली. काळ्या किड्यासारखी चिप तळहातावर पाय वर करून पडली. तिच्या जागी तिनं नवी चिप ठेवली, खाचा जुळवल्या, अंगठ्यानं दाबली. एकही पाय वाकला नाही.

"झालं का गं बाई?" शेडच्या उंबऱ्यात बसून हरभरा सोलणाऱ्या रूपाबाईनं विचारलं.

"झालं मावशी. आता झाकण लावते."

"एवढुशा किड्याच्या जोरावर आमची मोटार फिरते म्हन की!"

शीतल हसली. हिंगोलीच्या वर्कशॉपात शिकाऊ म्हणून लागल्यापासून एकटीनं पार पाडायचं हे तिचं पहिलंच काम. योगेशसर तिला सकाळी डोंगरकडा गावाजवळच्या या शिवारात सोडून पुढं बाळापूरला गेले होते. जाताना गाडीवरूनच म्हणाले, "आज तक्रार मिटली, तर पहिल्या तारखेपासून तू शिकाऊ नाहीस."

तक्रार खरीच होती. लाईट गेली आणि परत आली, की वर्कशॉपचा हा डबा मोटार आपोआप सुरू करायचा. लगेच नाही, आधी पाच सेकंद थांबून. थांबायचं म्हणजे चिपनं मनातल्या मनात आकडे मोजायचे. पण विकलेल्या डब्यांत घातलेली चिप हळू मोजणारी निघाली. पाच सेकंद मोजायला ती मिनिट घ्यायची. तेवढ्यात त्याच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, बाकीच्यांच्या मोटारी उचलायच्या, व्होल्टेज पडायचं, आणि डबेवाल्याची मोटार नुसती घुमत बसायची. केळीच्या बागेपलीकडचा शेतकरी जळबा तर वर्कशॉपच्या दारात येऊन भांडून गेला होता. सगळ्यांनी मोटारीला दोष दिला, वायरिंगला दिला, लाईटीला दिला. आकडे मोजण्यातली चूक सापडली ती शीतलला. आज सकाळी आधी जळबाचा डबा झाला, आता हा रूपाबाईच्या नवऱ्याचा, प्रेमसिंगचा.

तिनं झाकणाचे चारही स्क्रू आवळले. डब्यावरून एकदा फडकं फिरवलं, लेकराचं तोंड पुसावं तसं.

"काका दिसत नाहीत, मावशी?"

"खाली हायत, विहिरीत. पंपाच्या फिरत्या दांड्याभवती दोरी भरून राहिले. तिथून लई गळून राहिलं ना पानी."

"मग फ्यूज काढलाय ना?"

"फ्यूज काहून काढायचा?" रूपाबाईनं एक घाटा फोडून दाणा तोंडात टाकला. "लाईट जेवनं झाल्यावर येनार हाय. आन आली बी आधी, तर हा बल्ब लागतो. मग मी हाळी देते. हे दांड्यावरचे हात काढतात, सामान गोळा करतात, पायरीवर येऊन बिडी पेटवतात, तवा कुठं तुमची मोटार सुरू व्हते. लई शहाना डबा दिला बाई तुमी. मानसासाठी थांबतो."

शीतलच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

आधीच्या लोखंडी स्टार्टरला ही अक्कल न्हवती, असं काहीतरी रूपाबाई पुढं सांगत होती. शीतलला तिचे ओठ दिसत होते. तिची नजर शेडच्या आढ्याला लोंबणाऱ्या बल्बकडे गेली. धुळीनं माखलेला, साधा, पिवळा बल्ब.

तो लागला.

"घ्या! नाव काढलं आन आली." रूपाबाई उठली. पदरातली टरफलं झटकली. रोज जायची तशीच निवांत, दोन पावलांवरच्या विहिरीच्या काठाकडे निघाली. शीतलला ओरडायचं होतं. तिचा हात फ्यूजकडे जायचा सोडून आत्ताच आवळलेल्या झाकणाकडे गेला, एक स्क्रू उलटा फिरवू लागला, आणि मधेच तिला कळलं की आपण काय करतोय. रूपाबाईनं काठावर उभं राहून छाती भरून घेतली.

"ओ सुनिताच्या बापूऽऽ—"

डब्यात टक्‌ झालं.

मोटारीनं पहिल्या झटक्यात उचल घेतली. ना घुमणं, ना अडखळणं. शीतलला हवी होती, अगदी तशी. रूपाबाईची हाळी आणि मोटारीचा आवाज विहिरीत एकमेकांवर आदळले, आणि मोटारीनं हाळी गिळली.

शीतलनं फ्यूज ओढला. तो भिंतीवरून निघून तिच्या हातात आला आणि ती मागं, हरभऱ्याच्या ढिगावर पडली.

मग काहीच ऐकू येईना. रूपाबाई काठावर तशीच उभी होती, तोंड उघडं, एक हात हवेत. दुसरी हाळी तिनं दिली नाही. न देण्यातच जणू नवरा जिवंत होता. हाळी दिली आणि उत्तर आलं नाही, तर?

पारव्यांचा एक थवा विहिरीतून फडफडत वर आला.

त्यामागून खोकला आला. मग पायऱ्यांवर पावलं. प्रेमसिंग वर आला तेव्हा त्याच्या गळ्यात नेहमीची दस्ती, तो मोठा रुमाल, नव्हती. मानेवर एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत लाल वळ उठला होता.

"दांड्यानं दस्ती खाल्ली," तो म्हणाला आणि खाली बसला. बिडी काढली. काडी ओढली, ती मोडली. दुसरी ओढली, तीही मोडली. तिसरी त्यानं पेटीत परत ठेवली. "गाठ मारलेली नव्हती म्हनून सुटली."

रूपाबाईनं त्याच्या मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आज काहून थांबला न्हाई ह्यो?" प्रेमसिंगनं विचारलं. शीतलला नव्हे, डब्याला.

"बाईनं नवा किडा बसवला त्यात," रूपाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर शीतलला बरं वाटलं असतं.

आता दुसरे आवाज ऐकू येऊ लागले. साऱ्या शिवाराला लाईट आली होती. ओढ्याच्या अंगानं एक मोटार गात होती, तांड्याच्या मागं दुसरी, आणि केळीच्या पलीकडं तिसरी. शेतातल्या मातीच्या दांडातून धावणारं पाणी, त्यामागं कुणाची तरी आरोळी. लहानपणापासून तिला हा आवाज सणासारखा वाटायचा. ती केळीच्या दिशेनं कान देऊन उभी राहिली. मग फ्यूज हातात तसाच धरून, चपला न घालता धावत सुटली.

केळीची पानं तोंडावर आपटत होती. जळबाच्या विहिरीवर पाईप भरभरून ओतत होता. माणूस कुठंच नव्हता. काठाशी दोन चपला मात्र होत्या, टोकं विहिरीकडे. तिनं आत डोकावलं नाही. आधी फ्यूज ओढला. पाणी तुटलं.

"ओ म्याडम! काहून बंद केली?"

जळबा केळीतून येत होता. खांद्यावर फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. शीतल तिथंच खाली बसली.

"झ्याक उचलली की! परेमसिंगची मुकी, आन माझी सुरू! दांडाला पानी पोचलं बी." तो हसत जवळ आला, तिचा चेहरा पाहून थांबला. "पळून काहून आल्या? कुत्रं लागलं का मागं?"

"काका, मला डबा उघडायचाय. जुनी चिप परत घालते."

हसू गेलं. तो डब्यासमोर आडवा उभा राहिला, पाठ डब्याला लावून.

"हात लावायचा न्हाई. मीच भांडून करून घेतलं हे. पुन्हा मिनिटभर घुमत बसू का मी, अं? लोकाचं शेत भिजताना बघत?"

"तुम्ही दोरी भरायला उतरता का खाली?"

"उतरतो की. उद्याच उतरायचं हाय."

"वरून हाळी कोण देतं?"

"कोन देनार? एकटाच हाय मी. आन हाळी काहून लागते?" त्यानं हनुवटीनं वर दाखवलं. शेडच्या बाहेर, बांबूला बांधून विहिरीच्या तोंडावर टांगलेला बल्ब भर दुपारी जळत होता. "खालून बराबर दिसतो मला. बल्ब लागला की मी आरामात..."

त्यानं एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे. ओठ हलले, तो काहीतरी मोजत असावा. फावडं खांद्यावरून घसरत खाली आलं. आपले चिखलाचे दोन्ही हात त्यानं समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. मग तो डब्यापासून बाजूला झाला.

"म्याडम," तो हलक्या आवाजात म्हणाला, "परेमसिंग कुठं हाय?"

शीतलला सांगायचं होतं, ते वर आलेत, बसलेत. पण तिनं नुसती मान हलवली, आणि जळबानं त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे, तो अनवाणीच केळीतून प्रेमसिंगच्या शेताकडे पळत सुटला.