उडणाऱ्या मुलीची कादंबरी

महाल भागातल्या बालवाचनालयाला १९७४ साली मुलांसाठी एकच अद्भुत कादंबरी छापता येणार होती. अध्यक्ष गणपतरावांना राजपुत्राच्या अंगठीची कादंबरी पसंत होती. काटोलच्या शिक्षिका मनकर्णाबाई यांनी पाठवलेली कादंबरीची वही त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती.

बैठकीत कधी तोंड न उघडणारे शालिकराम मास्तर आज खुर्ची पुढे ओढून बसले. भाजी निवडतानाही त्यांचं मन डळमळायचं. पण मुलांची पुस्तकं ते तीस वर्षं वाचत आले होते आणि इथं त्यांना शंका नव्हती.

“संकट आलं की राजपुत्र अंगठी घासतो आणि सुटतो. मग मुलांना धाकधूक कशाची वाटणार?”

“अन् त्या बाईच्या वहीत असं काय आहे गा, मास्तर?” गणपतरावांनी विचारलं.

“तिच्यातली मुलगी उडते, पण दर उड्डाणाला तिची एक आठवण कायमची जाते. शेवटी भाऊ कन्हानच्या पुरात अडकतो, तेव्हा तिच्याजवळ फक्त आईचा चेहरा उरलेला असतो. शेजारच्या गोपिकाला मी दोन्ही वह्या शेवटचं प्रकरण काढून घेऊन वाचायला दिल्या. अंगठीचं पुढे काय झालं, हे तिनं विचारलंही नाही. हिच्यासाठी मात्र भर उन्हात दार ठोठावत आली, ‘आबाजी, बाकीचे पानं काहून ठेवून घेतले?’”

गणपतराव हसले. “एका पोरीच्या म्हणण्यावर ठरवाचं का?”

“छापायचं तिच्यासाठीच आहे.”

गणपतरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “मंग? उडाली का थे?”

मास्तरांनी ठरावाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “आधी सही करा, मग सांगतो.”